गर्दीच्या थीम पार्कमध्ये मनसोक्त मजा, पण कुणाचा हिरमोड न करता

रोलर कोस्टरच्या एका गाडीत २४ जण बसतात आणि दर मिनिटाला एक गाडी सुटते असं धरून चला. म्हणजे तासाला १,४४० माणसं. आता प्रत्येक गाडीला फलाटावर फक्त १५ सेकंद जास्त लागले, कारण कुणी बॅग कुठे ठेवायची ते विचारतंय, कुणाला शेवटच्या ओळीतच बसायचंय, कुणाचा सेल्फी अजून मनासारखा आलेला नाही. ताशी ६० गाड्यांच्या ४८ झाल्या आणि माणसं १,१५२ वर आली. तुमच्या पुढे १,४४० जण असतील, तर तुमचा नंबर तासाऐवजी सव्वा तासाने लागणार. फलाटावरचे १५ सेकंद रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला १५ मिनिटांना पडले.

हा हिशेब सुरुवातीलाच मांडण्याचं कारण असं, की अशा ठिकाणी दुसऱ्याचा विचार करणं म्हणजे मन मारणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. भरपूर पैसे मोजलेत, एवढ्या लांबून आलोय, मग प्रत्येकाचं बघत बसलो तर मजा कधी करायची? हा प्रश्न खोटा नाही. पण माझं ठाम मत आहे की थीम पार्कमध्ये आपली मजा आणि इतरांची सोय बहुतेक वेळा हातात हात घालून चालतात. जो तयारीने येतो, झटपट बसतो, झटपट उतरतो, त्याच्यामुळे मागच्यांचा खोळंबा होत नाही आणि त्याच्या स्वतःच्याही दोन राईड जास्त होतात. खरी टक्कर होते अशा जागा मोजक्या आहेत. तिथे काय करायचं तेही पुढे सांगतो.

निघण्यापूर्वी

शक्य असेल तर कामकाजाचा दिवस निवडा आणि दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोचा. पहिल्या तासात सगळ्यात मोठ्या राईडची रांग सगळ्यात छोटी असते. परेड सुरू असताना आणि पार्क बंद होण्याआधीच्या शेवटच्या तासातही रांगा बऱ्याचदा आखडतात. गर्दी टाळली की गर्दीतले निम्मे वाद आपोआप टळतात.

आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "उद्या काय झालं नाही तर तुला वाईट वाटेल?" उत्तरात एकच गोष्ट सांगायची. पाच माणसांच्या पाच गोष्टी झाल्या की त्या दिवसाचा कणा तयार. बाकी जे मिळेल ते वरकड. हे आधी ठरलेलं नसलं की दुपारी तीन वाजता राईडच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट अडवून, घरगुती वाद सुरू होतो. ठरलेलं असलं की दोघे इकडे, तिघे तिकडे असं सरळ वाटून घेता येतं. सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच गेलं पाहिजे असा काही नियम नाही.

मुलांची उंची घरीच मोजा. उंचीची अट प्रत्येक राईडला वेगळी असते. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये स्पेस माउंटनला, उदाहरणार्थ, किमान ११२ सेंटिमीटर लागतात. ही अट सुरक्षा दांडा अंगाला नीट बसावा म्हणून घातलेली असते. बुटात काहीतरी कोंबून मुलाला दोन सेंटिमीटर वाढवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. तासभर रांगेत उभं राहून दारातून परत फिरावं लागलं तर मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं आणि राग निघतो तो दारावरच्या कर्मचाऱ्यावर. घरी टेप काढला असता तर दोघांचाही त्रास वाचला असता.

बॅग हलकी ठेवा. चेन असलेला खिसा असेल असे कपडे घाला. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, म्हणजे प्रवेशदारावर नेटवर्क शोधत बसावं लागणार नाही.

रांगेत

रांगेतला सगळ्यात मोठा भांडणाचा विषय म्हणजे जागा धरणं. एकाने उभं राहायचं, बाकीच्या सात जणांनी फिरून, खाऊन, फोटो काढून यायचं आणि मग "आमचा माणूस पुढे आहे" म्हणत दांड्यांखालून वाकून पुढे सरकायचं. मागच्या माणसाच्या नजरेने पाहा: अर्धा तास त्याच्यापुढे एकच जण होता, अचानक आठ झाले. राईडची गाडी आठ जणांची असेल तर त्याची जवळजवळ एक अख्खी गाडी गेली. अशा पाच टोळ्या त्याच्या पुढे असतील तर चाराहून जास्त गाड्या गेल्या. म्हणून सगळे जमल्यावरच रांगेत शिरा. कुणी मागे राहिलंच, तर पुढे असलेल्याने बाजूला होऊन मागच्यांना वाट द्यावी आणि उशिरा आलेला पोचला की दोघांनी मिळून पुढे निघावं.

मुलाला मध्येच टॉयलेटला न्यावं लागणं ही वेगळी गोष्ट. तिथे कुणी समजूतदार माणूस हरकत घेत नाही, फक्त जाण्याआधी मागच्यांना सांगायला हवं: "लेकीला टॉयलेटला नेऊन आणतो, आमची माणसं इथेच आहेत हं." परत येताना वाटेतल्या प्रत्येकाला "माफ करा, आमची माणसं पुढे आहेत, जरा जाऊ देता का?" असं विचारत जा. हे चार शब्द न बोलता मुसंडी मारली की तुमचं खरं कारणही लोकांना खोटं वाटतं. रांगेत शिरण्याआधी सगळ्यांना एकदा टॉयलेटला पाठवणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय.

पुढच्याच्या पाठीला चिकटून उभं राहिल्याने रांग एक इंचही लवकर सरकत नाही, कारण तिचा वेग फलाटावर ठरतो. हातभर अंतर ठेवा आणि पाठीवरची बॅग पोटाशी घ्या. आपण वळलो की ती मागच्या मुलाच्या तोंडावर आपटते आणि आपल्याला पत्ताही नसतो. याउलट मोबाईलमध्ये डोकं घालून पुढे दहा फुटांची मोकळी जागा सोडणंही तितकंच त्रासदायक. मागचे अस्वस्थ होतात आणि घुसणाऱ्यांना फट मिळते.

मग त्या तासाभरात मजा कशी करायची? रांग हा वाया गेलेला वेळ आहे असं मानलं की ती जास्त लांब वाटते. मोठ्या पार्कांत रांगेची वाटसुद्धा राईडच्या कथेचा भाग म्हणून रचलेली असते. भिंतीवरच्या पाट्या, कोपऱ्यात ठेवलेल्या वस्तू, खिडकीतून दिसणारं यंत्र यांत पुढच्या कथेचे धागे असतात. मुलांना सांगा, कोण जास्त खुणा शोधतो बघू. भेंड्या लावा, फक्त आवाज आपल्या घोळक्यापुरता ठेवा. मोबाईलवर गाणी किंवा कार्टून लावायचं तर हेडफोन हवाच. दीड फुटावर उभ्या असलेल्या माणसाला तिथून हलता येत नाही, हे लक्षात ठेवा.

एकट्या स्वारांची वेगळी रांग असेल तर तिचा विचार जरूर करा. चार आसनांच्या ओळीत तिघांचं कुटुंब बसलं की एक जागा रिकामी जाते, ती या रांगेतल्या माणसाने भरली जाते. तुम्ही लवकर बसता आणि कुणाचंही काही जात नाही. शेजारी आपलं माणूस नसेल, एवढीच तडजोड. तरुण मित्रांच्या गटाला हा सौदा मला तरी फायद्याचा वाटतो.

तान्हं बाळ सोबत असेल तर डिस्नेत 'रायडर स्विच' नावाची सोय आहे, युनिव्हर्सलमध्येही तशीच आहे. एकाने राईड घ्यायची, दुसऱ्याने बाळाजवळ थांबायचं आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता अदलाबदल करायची. अशी सोय आहे का, हे दारावर विचारून घ्या.

फलाटावर

इथे सगळा खेळ सेकंदांचा आहे, म्हणून जरा जवळून पाहू.

रोलर कोस्टरचा रूळ तुकड्यांत विभागलेला असतो आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. टक्कर होऊ नये म्हणून ही व्यवस्था असते. फलाटावरची गाडी सुटली नाही की फेरी पूर्ण करून आलेली मागची गाडी फलाटाच्या अलीकडे ब्रेकवर उभी राहते. त्यातले लोक दांड्याखाली अडकलेले, उन्हात, समोर फलाट दिसतोय पण उतरता येत नाही अशा अवस्थेत. तुमच्या समोरच्या बाकावर कुणी गॉगल शोधत असतो तेव्हा तिकडे हे चाललेलं असतं.

म्हणून फलाटाच्या अलीकडच्या शेवटच्या वळणावरच तयारी करा. टोपी काढून बॅगेत, चष्मा दोरीला किंवा खिशात, मोबाईल चेनच्या खिशात. कर्मचारी "किती जण?" विचारेल तेव्हा मोठ्याने आकडा सांगा आणि तितकी बोटं वर करा, कारण गडगडाटात आवाज पोचत नाही. ज्या ओळीवर पाठवलं तिथे उभे राहा. पहिल्याच ओळीत बसायची हौस असेल तर ती जरूर पुरवा. बऱ्याच राईडना त्यासाठी वेगळी छोटी रांग असते, नाहीतर "आम्ही पहिल्या ओळीसाठी थांबायला तयार आहोत" असं आधीच सांगा. गाडी आल्यावर ओळ बदलायला गेलं की सगळ्यांची मोजणी चुकते.

बसल्यावर दांडा स्वतः खाली ओढा आणि पट्टा लावून झाला की त्याचं टोक वर धरून दाखवा, म्हणजे तपासणाऱ्याला वाकून चाचपावं लागत नाही. राईड संपल्यावर आधी उतरा, सामान उचला, बाहेर पडा आणि मग काय ती चर्चा करा.

राईड सुरू असताना मोबाईलवर व्हिडिओ काढू नका. हे मी सौजन्य म्हणून सांगत नाही. ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या गाडीतून सुटलेला मोबाईल खाली किंवा मागे बसलेल्या कुणाचं तरी डोकं फोडू शकतो. युनिव्हर्सल ऑरलँडोच्या हल्क कोस्टरवर तर रांगेत मेटल डिटेक्टर बसवले आहेत आणि सामान लॉकरमध्ये ठेवल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. डिस्नेने २०१५ मध्ये आपल्या पार्कांत सेल्फी स्टिकवर बंदी घातली तीही असल्याच धोक्यांमुळे.

पण ओरडायचं असेल तर जीव खाऊन ओरडा. हात वर करा, हसा, किंचाळा. कोस्टरवरचा आरडाओरडा रांगेतल्यांनाही हवाच असतो, त्यानेच त्यांच्या पोटात गोळा येतो.

अंधारातल्या राईडमध्ये मात्र मोबाईलचा पडदा मागच्या सगळ्यांना दिसतो. रंगकर्म्यांनी आणि प्रकाशयोजनाकारांनी मेहनतीने उभा केलेला अंधार एका पडद्याने विस्कटतो. फ्लॅश तर नकोच. असे व्हिडिओ नंतर कुणी पाहतही नाही.

चालताना

चालता चालता मध्येच थांबू नका. नकाशा बघायचा असेल तर कडेला या. पाच जणांनी हातात हात घालून अख्खा रस्ता व्यापणं चित्रात छान दिसतं, मागच्यांना मात्र वाट उरत नाही. बाबागाडी लोकांच्या टाचांवर येते तेव्हा लागतं ते फार, म्हणून गर्दीत ती हळू आणि दोन हातांनी ढकला. डिस्नेने अमेरिकेतल्या पार्कांत १ मे २०१९ पासून बाबागाडीची रुंदी ७९ सेंटिमीटर आणि लांबी १३२ सेंटिमीटरपर्यंतच ठेवली आणि त्याच दिवसापासून आवारात धूम्रपानालाही जागा ठेवली नाही. इतरत्र नियम वेगळे असतील, तिकीट काढतानाच वाचून घ्या.

कचऱ्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग पार्कमध्ये काही ठिकाणी कचरापेट्या म्हणून तोंड वासून बसलेली गलेलठ्ठ पात्रं आहेत. ती 'कागद इकडे' म्हणून हाका मारतात आणि तोंडात कागद टाकला की तो ओढून घेऊन आभार मानतात. लहान मुलांसाठी कचरा टाकणं हीच एक राईड होऊन जाते.

परेड, शो आणि आतषबाजी

इथे खरी टक्कर होते. तुम्हाला दिसलं की मागच्याला दिसत नाही, आणि दोघांनीही सारखेच पैसे भरलेले असतात.

सगळ्यात चांगली रीत टोकियो डिस्नेलँडमध्ये दिसते. तिथे परेडच्या वेळी पुढच्या ओळींतले लोक खाली बसतात आणि मागचे उभे राहतात, त्यामुळे बऱ्याच जास्त जणांना दिसतं. तुमच्या पार्कमध्ये असा नियम नसला तरी पहिल्या ओळीत असाल तर तुम्ही बसू शकता. एक बसला की शेजारचेही बऱ्याचदा बसतात.

मुलाला खांद्यावर घ्यायचं असेल तर शेवटच्या ओळीत जा. मध्ये उभं राहून खांद्यावर घेतलं की तुमच्या मुलाला दिसतं आणि मागच्या चार मुलांना दिसत नाही. मोबाईल छातीच्या उंचीवर धरूनही चित्रण होतं. अर्ध्या मिनिटाचा तुकडा टिपा आणि मग खाली ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. टॅब्लेट वर धरू नका. छत्री मिटा, पाऊस असेल तर रेनकोट घाला.

मागे एखादं लहान मूल टाचा उंचावत असेल तर त्याला पुढे घ्या. "ये, इथे माझ्यापुढे उभा राहा" एवढं म्हणायचं आणि त्याच्या आईबाबांकडे बघून मान डोलवायची, म्हणजे त्यांनाही कळतं. मुलाच्या डोक्यावरून मोठ्या माणसाला सगळं दिसतं. मात्र एका मुलाला पुढे घेतलं की त्याच्यापाठोपाठ अख्खं कुटुंब शिरू पाहतं, तेव्हा नम्रपणे सांगायला हरकत नाही: "छोट्याला राहू द्या इथे, बाकी जागा नाही हो." दोन तास आधी येऊन धरलेली जागा सोडून देण्याची अपेक्षा कुणी करू नये आणि तुम्हीही अपराधी वाटून घेऊ नये. पण दोघांनी चादर पसरून आठ जणांची जागा अडवणं आणि बाकीचे शो सुरू होताना येणं, हे मला अजिबात पटत नाही.

पात्रांसोबत फोटो काढताना तो मुखवटा, पोशाख ओढू नका. आत माणूस आहे, त्याला उकडतंय आणि त्याची पाळी ठरावीक वेळच असते. एक फोटो, एक मिठी, आणि पुढच्या मुलाला जागा.

वेगळ्या दारातून जाणारी माणसं

कुणी बाजूच्या दारातून थेट आत गेलं की रांगेत कुजबुज सुरू होते. त्या माणसाने जादा पैसे भरलेले असू शकतात, त्याने आधी वेळ घेतलेली असू शकते किंवा त्याला अशी अडचण असू शकते जी बाहेरून दिसत नाही. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हापासून ठरलेल्या वेळी परत येण्याची ही पद्धत जगभर रुळली आहे. असा माणूस बऱ्याचदा तुमच्याइतकाच थांबलेला असतो, फक्त रांगेबाहेर.

अपंगत्वाची सवलत फक्त गरज असणाऱ्यानेच घ्यावी, यात मला कसलीही सूट मान्य नाही. डिस्नेत पूर्वी गेस्ट असिस्टन्स कार्ड असायचं. त्याचा इतका गैरवापर झाला, पैसे देऊन अपंग व्यक्तीला सोबत नेण्यापर्यंत मजल गेली, की २०१३ मध्ये ते बंद करून परतीची वेळ देणारी नवी पद्धत आणावी लागली. खोटं बोलणारे मोकळे सुटले आणि नियम कडक झाले ते खरोखर गरजू असलेल्या मुलांसाठी.

कुणी नियम मोडला तर

आधी समोरच्याला पळवाट द्या: "रांगेचं टोक तिकडे मागे आहे, बहुतेक लक्षात आलं नसेल तुमच्या." बरेच जण ओशाळून मागे जातात. नाही गेला तर वाद वाढवू नका, कर्मचाऱ्याला सांगा. तो त्याचा अधिकार आहे आणि त्याला त्याचं प्रशिक्षणही असतं. तुमच्या मुलांसमोर आरडाओरडा करून तुम्ही एक नंबर वाचवाल आणि पुढचा तास घालवाल. कर्मचाऱ्यावरही चढू नका. राईड बंद पडली, पाऊस आला, उंची कमी भरली, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं.

आणि एक पाहा: आपणच लोकांवर खेकसायला लागलो की बहुतेक वेळा दुपारचे दोन-तीन वाजलेले असतात, पोटात काही नसतं आणि पाय भरून आलेले असतात. जेवायला सगळे जातात त्याच्या तासभर आधी जा. तेव्हा टेबलंही मोकळी असतात आणि खाऊन झाल्यावर वाट बघणाऱ्यांसाठी लगेच उठताही येतं. त्यानंतर अर्धा तास सावलीत बसा. त्या अर्ध्या तासात एक राईड कमी होईल, पण संध्याकाळ हाती लागेल.

बाहेर पडताना

आतषबाजी संपली की हजारो लोक एकाच वाटेने निघतात. एका चौरस मीटरमध्ये चार-पाचपेक्षा जास्त माणसं झाली की प्रत्येकाचा स्वतःच्या हालचालीवरचा ताबा सुटायला लागतो आणि एक अडखळला की मागचे त्याच्यावर येतात. मुलं सोबत असतील तर एकतर शेवटच्या पाच मिनिटांआधी कडेने निघा, नाहीतर वीस-पंचवीस मिनिटं बाकावर बसून राहा. मधल्या लोंढ्यात शिरलातच तर ढकलू नका, उलट दिशेने चालू नका आणि काही खाली पडलं तर उचलायला वाकू नका. मुलाच्या मनगटाला धरा, बोटं निसटतात. तुमचा फोन नंबर त्याच्या हातावर किंवा खिशातल्या चिठ्ठीवर सकाळीच लिहून ठेवा. गाडी लावली त्या खांबाच्या क्रमांकाचा फोटोही तेव्हाच काढा. चुकामूक झाली तर भेटायची जागा फाटकाबाहेर, वाटेच्या एका अंगाला ठरवून ठेवा आणि फाटकातच उभं राहून आपली माणसं मोजू नका.